शेवटच्या रांगेतून गॅदरिंग: हँडीकॅम घ्यावा, की फोनच पुरे?

डिसेंबर लागला की शाळांच्या गॅदरिंगच्या तारखा येतात, लग्नाच्या पत्रिका येतात आणि माझ्याकडे हमखास एक प्रश्न येतो. "हँडीकॅम घेऊ का गं, की आता फोनवरच भागतं?" गेली वीस वर्षं मी घरचे, सोसायटीचे आणि बहिणीच्या नृत्यवर्गाचे कार्यक्रम शूट करते, म्हणून लोक मला विचारतात. हल्ली कॉलेजातली मुलंही विचारू लागली आहेत. माळ्यावरचा जुना टेपवाला हँडीकॅम त्यांना हवा असतो, त्या चित्राचा पोत त्यांना आवडतो. आणि दुकानात गेलं की ३० एक्स, फोरके, ५० मेगाबिट असे आकडे कानावर आदळतात. त्यातलं आपल्याला काय लागणार आहे, हे कोणी सांगत नाही.

मागच्या वर्षी मुलीच्या शाळेचं गॅदरिंग नाट्यगृहात होतं. आम्हाला जागा मिळाली शेवटून दुसऱ्या रांगेत. पडदा उघडला आणि पुढे शंभरेक फोन वर झाले. शेजारच्या ताईंनी लेकीचा अख्खा नाच हात न हलवता फोनवर घेतला. मध्यंतरात आम्ही दोघींनी तो लावून पाहिला. रंगमंच दिसत होता, दिवे दिसत होते, निळ्या परकरांची एक रांग दिसत होती. त्यांची लेक त्या रांगेत डावीकडून तिसरी होती, पण हे त्यांना आधीच माहीत होतं म्हणून कळलं. चेहरा ओळखू येत नव्हता. त्या माउलीचा उतरलेला चेहरा मात्र मला अजून आठवतो.

म्हणून मी आकड्यांच्या आधी दोन गोष्टी विचारते. तुम्ही किती लांबून शूट करणार, आणि किती वेळ?

हँडीकॅम हे मुळात नाव कोणाचं

'हँडीकॅम' हे सोनी कंपनीचं १९८५ पासूनचं व्यापारी नाव आहे. आपल्याकडे ते 'झेरॉक्स'सारखं सगळ्याच कंपन्यांच्या यंत्रांना चिकटलं. यंत्राचं मूळ नाव कॅमकॉर्डर, म्हणजे कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच डब्यात. आधी हे दोन वेगळे असत. खांद्यावर कॅमेरा, कमरेला किंवा गळ्यात रेकॉर्डरची पेटी आणि मध्ये जाडजूड केबल. १९८३ मध्ये सोनीच्या बीटामूव्हीने दोन्ही एकत्र आणले. तिच्यावर चित्रण व्हायचं, पण ते बघायचं तर कॅसेट काढून घरच्या यंत्रात घालावी लागे.

त्या काळच्या लग्नाच्या कॅसेट आठवा. शूटिंगवाल्यासोबत एक पोरगा हॅलोजन घेऊन चालायचा. अंतरपाटाशी उभी नवरी त्या झोतात डोळे बारीक करायची आणि मागे बसलेली माणसं काळोखात बुडायची. त्या कॅमेऱ्यांची उजेडाची भूक फार मोठी होती. हॅलोजन गेला, पण हँडीकॅमची ती भूक पूर्ण भागलेली नाही. त्याकडे येतेच.

२० मीटरवरून किती दिसतं

समजा, तुम्ही रंगमंचापासून २० मीटरवर बसला आहात. फोनचा नेहमीचा, म्हणजे 'वन एक्स' कॅमेरा तेवढ्या अंतरावर साधारण २७ मीटर रुंदीचा देखावा पकडतो. साध्या एचडी चित्राची रुंदी असते १९२० ठिपक्यांची. ते ठिपके २७ मीटरवर पसरले की एका मीटरच्या वाट्याला येतात जेमतेम ७१. मुलीचा चेहरा वीसेक सेंटिमीटरचा, म्हणजे चेहऱ्याला मिळाले १४ ठिपके. चौदा ठिपक्यांत नाक, डोळे, हसू बसत नाही.

"पण माझा फोन फोरके आहे" असं कोणी म्हणेल. फोरकेत रुंदीला ३८४० ठिपके असतात, म्हणजे १४ चे झाले २८. फरक पडतो, पण ओळख पटण्याइतका नाही. आता तेच दृश्य खऱ्या दहापट झूमने घ्या. देखावा २.७ मीटर रुंद होतो, त्यात लेक आणि शेजारची मैत्रीण बसतात आणि साध्या एचडीतही चेहऱ्याला १४० ठिपके मिळतात. हसू दिसतं, पाऊल चुकल्यावर चावलेली जीभसुद्धा दिसते.

इथे फोनच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायलाच हवी. महागड्या फोनमध्ये पाचपट जवळ आणणारं वेगळं भिंग असतं. ते फोरकेत वापरलं तर याच २० मीटरवर फोनही चेहऱ्याला १४० ठिपके देतो, म्हणजे बरोबरी झाली. फक्त उजेड कमी असेल तेव्हा बरेच फोन न विचारता ते भिंग सोडून मुख्य कॅमेऱ्यावर जातात आणि त्याचंच चित्र मधून कापून मोठं करून दाखवतात. स्क्रीनवर '५ एक्स' तसंच लिहिलेलं असतं. तपासायचं असेल तर अंधाऱ्या खोलीत पाच एक्सवर जाऊन पाचपटीच्या भिंगावर बोट ठेवा. चित्र झाकलं गेलं नाही, तर फोन त्या भिंगातून बघतच नाहीये.

खरा झूम आणि ताणलेला झूम

आजीला पंचांगातली बारीक अक्षरं दिसत नसतील तर दोन उपाय असतात. एक, अक्षरांवर भिंग धरायचं. दोन, त्या पानाची झेरॉक्स काढायची आणि ती झेरॉक्स मोठी करत जायची. भिंगातून अक्षराचा काना, मात्रा, अनुस्वार सगळं उलगडतं. झेरॉक्समध्ये अक्षर मोठं होतं, पण डागही तेवढेच मोठे होतात. जे पहिल्या प्रतीत उतरलंच नाही, ते शंभरपट केलं तरी येणार कुठून?

भिंगाचा झूम म्हणजे ऑप्टिकल, झेरॉक्सचा म्हणजे डिजिटल. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला मोठा आकडा पुष्कळदा दुसऱ्या जातीचा असतो. पहिला आकडा बारीक अक्षरांत शोधावा लागतो, आणि तोच खरा.

हँडीकॅमचा गुण आणि दोष एकाच ठिकाणी

मुठीएवढ्या डब्यात तीसपट झूम बसतो कसा? कारण भिंगामागचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, अगदी इवलीशी असते. २०१५ मध्ये आलेल्या सोनीच्या सीएक्स४०५ या घरगुती हँडीकॅमचा सेन्सर तिरपा मोजला तर ३.१ मिलिमीटर भरतो. हरभऱ्याच्या दाण्याहूनही छोटा! चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर तिरपा दहाएक मिलिमीटर असतो, म्हणजे क्षेत्रफळाने दसपट. सेन्सर मोठा केला की तेवढाच झूम देणारं भिंगही मोठं होतं, मग यंत्र मुठीत मावत नाही. हँडीकॅम बनवणाऱ्यांनी झूम ठेवला आणि सेन्सर बारीक केला.

पावसात अंगणात एक वाटी आणि एक परात ठेवा. मुसळधार पावसात दोन्ही भरतात, कोणाला काही कमी पडत नाही. भुरभुर लागली की परातीत थोडं तरी पाणी साचतं, वाटीत मोजके थेंब. उजेडाचं तसंच आहे. ऊन, मैदान, झगझगीत रंगमंच अशा ठिकाणी हँडीकॅमची वाटी भरते आणि चित्र छान येतं. कोजागिरीला गच्चीवर, हळदीच्या रात्री अंगणात किंवा केक कापताना दिवे घालवले की चित्रात मुंग्या दिसू लागतात. फोनची परात मोठी, शिवाय त्याचा प्रोसेसर गाळसाळ करून मुंग्या बऱ्याच पुसतो. अंधारात फोन जिंकतो, त्यात वाद नाही.

यात आणखी एक खोच आहे. भिंगाच्या तोंडाचं माप 'एफ' आकड्याने सांगतात, आणि आकडा जितका छोटा तितकं तोंड मोठं. वर सांगितलेल्या सीएक्स४०५ मध्ये झूम न करता तो आकडा १.८ असतो, पूर्ण झूम केला की ४ होतो. हिशेब केला तर पूर्ण झूमवर आत येणारा उजेड जवळपास पाचपट घटतो. म्हणून अंधुक सभागृहात मी झूम शेवटापर्यंत ताणत नाही. शक्य असेल तर चार रांगा पुढे सरकते.

अडीच तास

आता दुसरा प्रश्न, वेळ. भाचीचं अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यमचं पहिलं जाहीर सादरीकरण, अडीच तास चाललं. पुष्पांजलीपासून तिल्लान्यापर्यंत, मध्ये गुरूंचं भाषण, सत्कार, पुन्हा नृत्य. त्या दिवशी दोन नातेवाइकांनी फोन लावले होते. एकाचा फोन वर्णम चालू असताना तापून बंद पडला. दुसऱ्याची जागा संपली आणि तो तिथल्या तिथे जुने फोटो पुसत बसला. ट्रायपॉडवरचा हँडीकॅम मात्र भिंतीच्या प्लगला लावलेला होता. तो सुरू केला आणि शेवटी बंद केला. मधल्या वेळात मी भाचीचं नृत्य डोळ्यांनी पाहिलं, आणि मावशीला ते किती मोलाचं असतं, हे वेगळं सांगायला नको.

हँडीकॅमची खरी ताकद मला इथे वाटते. तो एकच काम करतो. त्याला कोणाचा कॉल येत नाही, त्याच्यावरून कोणाला पैसे पाठवायचे नसतात, आणि झूमचा खटका हळू दाबला की चित्र हळूच जवळ येतं, झटका बसत नाही. दशावतार, कीर्तन, एकांकिका स्पर्धा असं जिथे काही तास एका जागी बसायचं असतं, तिथे हे यंत्र शोभतं. फक्त घेताना बॅटरी बघा. काही छोट्या मॉडेलांत ती आत बसते, मोठी लावायची सोय नसते. आणि प्लगवर चालवणार असाल तर एक्स्टेंशनची वायर घरून न्या. सभागृहात ती मिळत नाही.

"मग मिररलेस का नको?"

हा प्रश्न अगदी रास्त आहे. मिररलेस, म्हणजे भिंग बदलता येणारा फोटोचा कॅमेरा, अंधारात फोन आणि हँडीकॅम दोघांनाही मागे टाकतो. पण शेवटच्या रांगेतून चेहरा पकडणारं भिंग वेगळं घ्यावं लागतं. ते जड असतं आणि बरेचदा कॅमेऱ्याइतकंच महाग.

शिवाय अशा अनेक कॅमेऱ्यांत चित्रण २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबायचं. बिघाड समजून लोक दुकानात परत घेऊन जात. त्याचं कारण युरोपच्या जकातीत होतं. सलग ३० मिनिटं किंवा जास्त चित्रण करणारं यंत्र तिथे 'व्हिडिओ कॅमेरा' ठरे आणि त्यावर वेगळी जकात बसे. कंपन्यांनी एक सेकंद आधी थांबून ती वाचवली. नव्या बऱ्याच मॉडेलांत ही मर्यादा उठली आहे, पण जुना मिररलेस घेत असाल तर नक्की विचारा. अरंगेत्रमात तिसाव्या मिनिटाला कॅमेरा थांबला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर ते परत मिळत नाही.

आवाज मात्र जवळ येत नाही

नवीन माणूस हमखास इथे फसतो. झूम चित्राला जवळ आणतो, आवाज तिथेच राहतो. तुम्ही २० मीटरवर असाल तर कॅमेऱ्याचा माइकही २० मीटरवरचंच ऐकणार: पंख्याची घरघर, मागच्या बाळाचं रडणं, शेजारची वेफर्सची पिशवी. पडद्यावर लेकीचे ओठ हलताना जवळून दिसतात आणि कविता विहिरीतून आल्यासारखी ऐकू येते.

दुसरी अडचण ढोल-ताशाची. घरगुती हँडीकॅम आवाजाची पातळी स्वतः वरखाली करतो. ढोल वाजला की सगळं दाबतो, ढोल थांबला की हळूहळू उघडतो, आणि मधल्या दोन-तीन सेकंदांत कोणी बोललं तर ते बुडतं. म्हणून माइकची खोबण असलेला आणि आवाज हाताने लावता येणारा हँडीकॅम मी नेहमी वरचढ मानते. स्वस्त मॉडेलांत नेमकी हीच गोष्ट गाळलेली असते. सीएक्स४०५ लाही बाहेरचा माइक जोडता येत नाही.

यावर बिनखर्चाचा एक उपाय आहे. घरातला जुना फोन विमान मोडवर टाका, आवाज रेकॉर्ड करायला लावा आणि रंगमंचाजवळ, स्पीकरच्या अगदी तोंडाशी नाही पण त्या बाजूला, ठेवून द्या. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजवा. घरी दोन्हींतली टाळी जुळवली की चित्र कॅमेऱ्याचं आणि आवाज फोनचा. माझ्याकडचं सगळ्यात चांगलं कीर्तन असंच तयार झालंय.

मेगाबिट म्हणजे किती जागा

मेगाबिट म्हणजे कॅमेरा दर सेकंदाला किती माहिती लिहितो त्याचं माप. नळाला पाणी किती जोरात येतं, तसंच. ५० मेगाबिटवर तासाला साडेबावीस जीबी लागतात, २४ मेगाबिटवर जवळपास ११. कार्यक्रम अडीच तासांचा असेल तर ५० वर ६४ जीबीचं कार्ड कसंबसं पुरतं. १२८ चं घ्या आणि निश्चिंत राहा.

एक सूचना जपून ठेवा. 'एव्हीसीएचडी' या चित्रण साठवायच्या जुन्या पद्धतीत कॅमेरा लांब चित्रणाचे काही जीबींचे तुकडे पाडत जातो. ते तुकडे सुटे कॉपी करून जोडले तर सांध्यावर क्षणभर आवाज तुटतो. कार्डावरचा अख्खा फोल्डर जसाच्या तसा उचला आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरनेच जोडा.

अमेरिकेहून आणलेला कॅमेरा

आतेभावाने न्यू जर्सीहून येताना माझ्यासाठी हँडीकॅम आणला होता. केवढा आनंद झाला होता! साखरपुड्याचं शूटिंग घरी लावलं तर मंडपातल्या ट्यूबलाइटखाली सगळं चित्र धडधडत होतं. कॅमेरा चांगला होता, फक्त आपल्या विजेशी त्याचा ताल जुळत नव्हता.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्यांना ते कळत नाही. इथला कॅमेरा सेकंदाला ५० किंवा २५ चित्रं घेतो, तो तालात बसतो. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, तिथला कॅमेरा ६० किंवा ३० घेतो. म्हणजे भजनात टाळ एका लयीत आणि मृदंग दुसऱ्या लयीत. शटरचा वेग हाताने बदलता येत असेल तर १/१०० ठेवा, धडधड थांबते. ती सोय नसेल तर इलाज नाही, कारण अनेक घरगुती हँडीकॅममध्ये ५० आणि ६० ची अदलाबदल होत नाही. तेव्हा परदेशातल्या भावाला, मुलीला सांगताना 'पॅल' किंवा '५० हर्ट्झ'वाला आहे का, हे आधी बघायला सांगा. स्वस्त एलईडी दिव्यांची लुकलुक निराळी असते. तिथे शटर थोडं थोडं बदलून बघावं लागतं.

मग घ्यायचा की नाही

मुलांचे वाढदिवस, सहली, घरचा गणपती, दोन-चार मिनिटांच्या क्लिपा एवढंच असेल तर घेऊ नका. फोनच्या पुढे काहीही हाती लागणार नाही. वर्षातून एकच लांबचा कार्यक्रम असेल तर फोटोवाल्यांकडून दिवसाच्या भाड्याने आणा. नृत्यवर्ग, शाळा, भजनी मंडळ, नाटकाची हौशी संस्था यांनी मात्र एक जरूर ठेवावा, माइकची खोबण असलेलाच. नवी मॉडेलं आता क्वचित येतात, तेव्हा वापरलेला घ्यायलाही हरकत नाही. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा गावातल्या फोटोवाल्याकडे चौकशी करा. घेताना भिंगात टॉर्च मारून तिरपं बघा. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेने भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती दिसली तर हात जोडून परत या.

टेपवाला हँडीकॅम घेणाऱ्या मुलांना एवढंच सांगते, की मिनीडीव्हीची टेप ६० मिनिटांची असते आणि ती संगणकात उतरवायलाही ६० मिनिटंच लागतात. वर त्यासाठी फायरवायर या जुन्या केबलची खोबण लागते, जी आजच्या लॅपटॉपला नसते. जुना संगणक हाताशी असेल तरच त्या वाटेला जा.

पण ज्यांच्या घरी टेपा आधीच भरून पडल्या आहेत, त्यांनी थांबू नये. घरगुती व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता जी चालू यंत्रं आहेत तेवढीच आहेत आणि दर पावसाळ्यात त्यातली काही बंद पडतात. टेप आधी उघडून बघा. कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती यंत्रात घालू नका, टेप आणि यंत्र दोन्ही जातील. जाणकाराकडून साफ करून मगच उतरवा.

आमच्याकडे काकांच्या आठ मिलिमीटरच्या सात टेपा होत्या. प्रत्येकीवर त्यांच्या बॉलपेनच्या अक्षरात तारीख. पाच उतरवून झाल्या. तिसरीत, मुंजीच्या गडबडीत, आजी जात्याजवळ बसून ओवी म्हणते आहे. कॅमेरा दुसरीकडे वळलेला आहे, पडद्यावर फक्त भिंत आणि दाराची चौकट दिसते, पण आवाज तिचाच आहे. उरलेल्या दोन टेपांवर बुरशी आहे. त्या साफ करून देणारं कोणी मिळतं का, ते मी शोधते आहे.